मोठं काहीतरी मागा

डिसेंबर संपत आला होता, महापालिका निवडणुकीच्या प्रचाराला जोर चढला होता आणि ठाण्याच्या किसननगरमधल्या एका अंगणवाडीत मी सेविकाबाईंना नोंदवह्या पुऱ्या करायला मदत करत बसले होते. भाड्याची एकच खोली, वर सिमेंटचे पत्रे, भिंतीवर ऑइलपेंटने काढलेली बाराखडी, कोपऱ्यात बाळांच्या वजनाचा काटा आणि दाराशी ओळीने काढून ठेवलेल्या चिमुकल्या चपला. बचत गटाकडून आलेली खिचडी मदतनीसबाई ताटल्यांमध्ये वाढत होत्या. हळदीचा आणि शिजलेल्या मुगाचा वास खोलीभर पसरला होता. बाहेरचा ढोल अचानक थांबला आणि एक उमेदवार चार-सहा कार्यकर्त्यांसह दारात आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, मुलांच्या ताटल्यांना पाय लागू नये म्हणून भिंतीकडेने ते आत आले आणि हात जोडून म्हणाले, "बोला ताई, काय अडचण आहे? मोकळेपणाने सांगा." सेविकाबाई उठून उभ्या राहिल्या. "दादा, लाइटचं बिल थकलंय. मीटर घरमालकांच्या नावावर आहे. भाडंही वेळेवर येत नाही, ते आता खोली खाली करा म्हणतात." उमेदवार हसले, त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, आपुलकीच होती. "अहो ताई, हे काय मागता? मोठं काहीतरी मागा." मग एका कार्यकर्त्याने वही काढली. पत्र्यांच्या जागी स्लॅब, खाली फरशी, भिंतीवर टीव्ही, दाराशी रंगीत कमान, असे एकेक तिथल्या तिथे सुचत गेले आणि लिहिले गेले. वीजबिल मात्र त्या वहीत आले नाही.

ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

त्या गृहस्थांना नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. ते मनापासून बोलत होते, आणि म्हणूनच ते बोलणे मला जास्त लागले. खोली भाड्याची आहे, तिच्यावर स्लॅब कोण आणि कोणाच्या परवानगीने घालणार, हा प्रश्न त्या गर्दीत कोणालाच पडला नाही, कारण स्लॅब डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याचे भूमिपूजन होते, नारळ फुटतो, कोनशिलेवर नाव लागते. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत भरलेल्या वीजबिलाचे यातले काहीच होत नाही. ते भरले गेले तर खोलीत पंखा फिरतो आणि मुले दुपारी शांत झोपतात, एवढेच. आपल्याकडे सार्वजनिक सेवा म्हणून जे काही चालते, त्यातले बहुतेक या "एवढेच" वर चालते, आणि निवडणुकीच्या काळात नेमके तेच मागायला माणसे संकोचतात.

माझे नोकरीचे सगळे आयुष्य ठाण्यातल्याच एका छोट्या अनुदानित संस्थेत गेले. विशेष मुलांची शाळा होती आणि मी तिथे लेखनिक होते. कीर्द, खतावणी, प्रमाणकांची फाइल आणि अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाले असे सांगणारे उपयोगिता प्रमाणपत्र हे माझे जग. अनुदान मंजूर होणे, त्याची तरतूद होणे आणि ते प्रत्यक्ष संस्थेच्या खात्यात वर्ग होणे या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तिथे शिकले. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, जुलैत प्रस्ताव जायचा, सप्टेंबरात त्रुटी निघायची, आणि दिवाळीच्या तोंडावर "मंजुरी आहे, पण ग्रँट नाही" असा निरोप यायचा. मग मार्च उजाडायचा आणि सगळे एकदम हलायचे. ३१ मार्चच्या रात्री उशिरापर्यंत देयके पास होण्याची वाट पाहणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. जिन्यात बसून डबे खाणारे शिपाई, थर्मासमधला गार झालेला चहा, शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई लागलेली बोटे, आणि पैसे एकदाचे पडले की सुटणारा निःश्वास. त्या निःश्वासात आनंदही असायचा आणि एक अपमानही असायचा. आपल्याच कष्टाचे पैसे मिळाले म्हणून हायसे वाटावे लागते, याचा अपमान.

त्या शाळेत एक मुलगा होता. वय बारा-तेरा असेल. त्याला शर्टाचे बटण लावायला शिकवायचे काम एका प्रशिक्षिकेने हाती घेतले होते. आधी मोठ्या लाकडी चौकटीवर ताणलेले जाड कापड आणि त्याला रुपयाएवढी बटणे. मग तीच बटणे जुन्या कोटावर. मग लहान बटणे, आणि शेवटी त्याच्या स्वतःच्या गणवेशावर. ती त्याच्या मागे बसायची, कारण समोर बसले की डावे-उजवे उलटे होते. बटण काजात अर्धे जाईपर्यंत ती त्याची बोटे आपल्या बोटांत धरायची आणि उरलेले अर्धे त्याला एकट्याला ओढू द्यायची. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते काम रोज चालले होते आणि वरची दोन बटणे त्याला जमू लागली होती. त्या वर्षी पगार थकले होते. ती बाई किती दिवस थांबणार? तिच्या घरी दोन लहान मुले होती. दिवाळीनंतर तिने वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम धरले. तिच्या जागी पुढच्या जूनपर्यंत कोणी आले नाही. तोवर तो मुलगा बटणाला हात लावू देईनासा झाला होता. शर्ट पुढे केला की हात मागे बांधून उभा राहायचा. मार्चमध्ये अनुदान आले, थकबाकीसह पूर्ण आले. मी स्वतः उपयोगिता प्रमाणपत्र टंकलिखित केले आणि त्यावर मंजूर रक्कम व खर्च झालेली रक्कम यांचे आकडे पैशासुद्धा सारखे होते. कागदावर त्या वर्षी काहीही बिघडले नव्हते.

रस्ता अर्धवट राहिला तर पुढच्या वर्षी पुढून सुरू करता येतो. माणसांच्या सेवेचे तसे नसते. ती मध्येच थांबली की जिथे थांबली तिथे राहत नाही, मागे जाते. पैसा किती दिला यापेक्षा तो न चुकता आला की नाही, यावर तिचे सगळे ठरते. निवडणुकीच्या जाहीरनाम्यांत मी नेहमी हे शोधत असते आणि मला रकमा सापडतात, तारखा सापडत नाहीत.

आता अंगणवाडीचेच घ्या. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे तिला पन्नास वर्षे उलटली. तिच्यात काही पैसा दिल्लीचा असतो, काही मंत्रालयातून येतो, आणि खोलीसमोरचा नळ, गटार व दिवाबत्ती महापालिकेची असते. सेविकेच्या मानधनासाठी केंद्र सरकारने ४,५०० रुपये ही रक्कम धरली ती २०१८ साली, आणि त्यातही केंद्राचा वाटा ६० टक्के. पुढची वाढ राज्याने आपल्या पदरची घालायची. पूरक पोषण आहारासाठी एका मुलामागे दिवसाला ८ रुपये हा दर २०१७ चा, आणि तोही पुढे वर्षानुवर्षे तिथेच थांबला. आमच्या श्रीनगरच्या बाजारात एका अंड्याला तेवढे पडतात. हे सगळे त्या उमेदवारांच्या हातात नव्हते, हे मला ठाऊक आहे. नगरसेवक दिल्लीचा दर बदलू शकत नाही. पण मतदाराच्या बाजूने पाहिले तर खोली एकच आहे, मुले तीच आहेत, आणि तीन दारांवर बोट दाखवत फिरायची वेळ येते ती त्या एका सेविकेवर. ती ज्या दारात जाईल तिथे तिला दुसऱ्या दाराचा पत्ता मिळतो.

आणि न चुकता वाढणारा निधी ही सरकारला न जमणारी गोष्ट आहे असे तर मुळीच नाही. ठाण्यात वाढलेल्यांना आनंदनगरचा जकात नाका आठवत असेल. मुलुंडच्या हद्दीवर ट्रकांची रांग लागलेली, क्लीनर पावत्या घेऊन धावताहेत, डिझेलच्या धुराने हवा करडी झालेली. त्या नाक्यावरच्या पैशावर शहर चालायचे. मग जकात गेली, २०१३ मध्ये स्थानिक संस्था कर आला, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यावर तोही गेला. तेव्हा महापालिकांचे बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी राज्याने कायदा केला, आणि त्या भरपाईत दरवर्षी ८ टक्के वाढ कायद्यातच लिहिली. कोणी मोर्चा काढायचा नाही, कोणी निवेदन द्यायचे नाही. वर्ष बदलले की आकडा आपोआप वाढावा अशी सोय. मी एकदा कागदावर हिशेब मांडून पाहिला. २०१६-१७ चे १०० रुपये या दराने २०२५-२६ मध्ये सुमारे २०० होतात. हाच नियम मुलाच्या आहाराला लावला असता तर २०१७-१८ चे ८ रुपये आज पंधराच्या जवळ गेले असते, आणि २०१८ चे ४,५०० रुपये साडेसात हजारांच्या पुढे. महापालिकेला ही सोय मिळाली याचा मला आनंदच आहे, कारण शहर बंद पडू नये असे सगळ्यांनाच वाटते. पण वाढती महागाई ज्यांना तिजोरीच्या बाबतीत कळली, त्यांना ती ताटलीच्या बाबतीतही कळायला हवी होती.

या मधल्या वर्षांत सेविकांना वाढ मिळालीच नाही असे नाही. ती प्रत्येक वेळी भांडून मिळाली. ४ डिसेंबर २०२३ ला राज्यभरातल्या अंगणवाड्या संपावर गेल्या आणि जानेवारी सरत आला तेव्हा कुठे त्या परतल्या. त्या हिवाळ्यात आझाद मैदानावरून परतणाऱ्या बायका मी ठाणे स्टेशनच्या पुलावर पाहिल्या आहेत. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, अंगाला गुंडाळलेली शाल, आणि बोलून बोलून बसलेला आवाज. त्याच बायकांनी २०२४ च्या पावसाळ्यात "लाडकी बहीण" योजनेचे अर्ज भरून घेतले. अंगणवाडीसमोर सकाळपासून रांग लागायची, ओली छत्री भिंतीला टेकवून बाया आधार कार्डाच्या झेरॉक्स पुढे करायच्या, आणि नेटवर्क नसले की सेविकाबाई मोबाइल उंच धरून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहायच्या. ते १,५०० रुपये किती घरांत उपयोगी पडतात ते मी पाहते. कोणाच्या मुलाची शिकवणी, कोणाच्या सासूची रक्तदाबाची गोळी. त्याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. माझ्या मनात सल आहे तो दुसरा. त्या बाईच्या खात्यात पैसे जातात, पण तिचे मूल ज्या खोलीत बसते तिचे भाडे थकते. दोन्ही गोष्टी लागतात, आणि पहिलीची जाहिरात होते म्हणून दुसरी मागे पडू नये.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने दिलेल्या वचनांमध्ये अंगणवाडी आणि आशा सेविकांना महिना १५,००० रुपये आणि विमा संरक्षण हेही होते. ते वाचले तेव्हा मला बरे वाटले होते. या बायकांचे नाव पहिल्या दहा गोष्टींत यावे, हे आधीच्या कितीतरी निवडणुकांत झाले नव्हते. पण हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाचे मन तिथे थांबत नाही. हा आकडा पाच वर्षे तोच राहणार की वाढणार? त्यातला किती भाग ठरलेला आणि किती प्रोत्साहन भत्ता म्हणून निकषांवर टांगलेला? सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले, त्याची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या नोंदीखाली, दिसणार? यातला एकही प्रश्न सभेत विचारता येण्याजोगा नाही, कारण सभेत प्रश्न विचारतच नाहीत.

दिलेले वचन खरोखर उभे राहते, हेही मी पाहिले आहे, आणि ते सांगितले नाही तर अन्याय होईल. २०१९ च्या निवडणुकीत दहा रुपयांत जेवणाचे आश्वासन दिले गेले तेव्हा पुष्कळांनी मान हलवली होती. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरू झाले, दोनच महिन्यांत टाळेबंदी आली, आणि त्या दिवसांत ज्यांनी त्या थाळ्यांसाठी उन्हात उभी असलेली माणसे पाहिली, त्यांना त्या योजनेचे मोल वेगळे समजवावे लागत नाही. दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात. पण पुढे २०२५ मध्ये केंद्रचालकांची देयके महिनोन् महिने थकल्याच्या बातम्या येत राहिल्या. किराणा उधारीवर, गॅस उधारीवर, आणि थाळी मात्र रोज वेळेवर द्यायची. वचन देणाऱ्यांचे सरकार जाते, पुढचे येते, आणि अशी चालू योजना कोणाचीच उरत नाही. सुरू करण्याचे श्रेय वाटून झालेले असते.

खाडीपलीकडे नवी मुंबईत माझी थोरली बहीण राहते. तिच्या नेरूळच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर महापालिकेचे ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र आहे. सकाळी वर्तमानपत्रे, दुपारी कॅरम, संध्याकाळी भजन. मेहुणे गेल्यानंतर ताईला त्या खोलीने सावरले, हे मी जवळून पाहिले. वाशीत याच महापालिकेने दिव्यांग मुलांसाठी शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र चालवले आहे, ज्याला तिथले लोक नुसते "ईटीसी" म्हणतात. आमच्या शाळेतली काही मुले पुढे तिकडे गेली. पहिल्यांदा मी ते केंद्र पाहिले तेव्हा उपकरणांपेक्षा मला अप्रूप वाटले ते याचे, की हे महापालिकेचे स्वतःचे काम आहे, तिच्या अंदाजपत्रकात त्याला जागा आहे आणि त्यासाठी कोणाला मार्चमध्ये जिन्यात बसावे लागत नाही. बटण शिकवणारी बाई अशा ठिकाणी असती तर कदाचित टिकली असती. अर्थात तिथेही अंदाजपत्रक दरवर्षी नव्याने मांडले जाते आणि माणसे कंत्राटी होत जाण्याची भीती सगळीकडेच आहे. पण निदान विचारायला एकच दार असते.

दोन्ही शहरांच्या प्रचारात आणखी एक गोष्ट वर्षानुवर्षे ऐकू येते, ती कराची. नवी मुंबईत करवाढ होऊ देणार नाही हे आश्वासन, आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट, हे मुंबईपासून सुरू झालेले लोण. माझे घर ५०० फुटांच्या आतले आहे. निवृत्तीनंतर हातात येणारी रक्कम मोजकी आहे, आणि कराचे बिल कमी झाले तर मला ते हवेच आहे. तरीही त्याच पत्रकात वर करमाफी आणि खाली मोफत दवाखाना, अभ्यासिका, विरंगुळा केंद्र असे वाचले की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांची अंदाजपत्रके आता साडेपाच हजार कोटींच्या पुढे गेली आहेत. इतक्या मोठ्या आकड्यांत एका खोलीचे वीजबिल दिसतही नाही. पण प्रत्येक करमाफीबरोबर कुठला चालू खर्च कमी होणार, हे सांगण्याची रीत आपल्याकडे पडलेली नाही, आणि कमी होताना पहिली कात्री लागते ती ज्याला कोनशिला नाही त्यालाच.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. ठाण्यात २०१७ नंतर थेट आता. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची. रांगेत उभी असताना पुढच्या तरुण मुलीने मला विचारले, "काकू, चारही मते द्यावीच लागतात का?" आमच्या प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे होते, ती पहिल्यांदाच नगरसेवक निवडत होती आणि तिला सगळ्याचे कुतूहल होते. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून दर पाच वर्षांनी निवडणूक सक्तीची केली आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय नगरपालिकांकडे सोपवता येतील असे लिहिले. दुर्बल घटकांचे आणि दिव्यांगांचे हितरक्षण, गरिबी निर्मूलन हे त्यातलेच. ज्या सभागृहात हे बोलायचे ते सभागृहच इतकी वर्षे रिकामे होते. प्रशासकाकडे निवेदन देता येते, पण त्याने मते मागताना काय कबूल केले होते, याची आठवण त्याला करून देता येत नाही. म्हणून निवडणूक झाली याचे मला मनापासून समाधान आहे, कोणीही निवडून आले असले तरी.

निकालानंतर मी त्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकच पत्र लिहिले. अंगणवाडीचे मानधन तुमच्या हातात नाही हे त्यात पहिल्याच ओळीत मान्य केले. मग लिहिले की महिला व बालकल्याणासाठी महापालिकेत ५ टक्के तरतूद असते. शिलाई यंत्रे आणि प्रशिक्षणवर्ग यांवर ती खर्च होते ते होऊ द्या, पण प्रभागातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये चालणाऱ्या अंगणवाड्यांचे वीजबिल, आणि सरकारकडून भाडे येईपर्यंतची मधली रक्कम, यांसाठी त्यातून एक वेगळे लेखाशीर्ष उघडा. नंतर सरकारचे भाडे आले की ते परत जमा करून घ्या. रक्कम वर्षातून चार वेळा, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात द्या, मार्चची वाट पाहू नका. दरवर्षी ती ८ टक्क्यांनी वाढवा, म्हणजे बुडालेल्या करापोटी तुम्हाला मिळणाऱ्या भरपाईत होते तेवढीच वाढ. आणि पाच वर्षांसाठी हे एकदाच ठरावात लिहून ठेवा, की मध्ये कोणी बदलले तरी खोलीतला पंखा फिरता राहील.

चौघांपैकी एकांचा फोन आला. अंदाजपत्रक आता स्थायी समितीपुढे येईल, तेव्हा यातले काय बसते ते पाहतो म्हणाले, आणि त्यांनी विचारले की अशा खोल्या प्रभागात किती आहेत, त्यांची भाडी काय आहेत आणि मीटर कोणाच्या नावावर आहेत. ही माहिती एका जागी कोणाकडेच नाही. सेविकाबाई आणि मी ती आता गल्लीगल्लीने गोळा करत आहोत. वीजबिलांच्या प्रती, घरमालकांचे करारनामे आणि थकलेल्या महिन्यांचा तक्ता. किसननगरचे झाले आहे, आता लोकमान्यनगरकडच्या खोल्या राहिल्या आहेत.